नाश्ता समाविष्ट

तुम्ही माझ्या दिराला खोटा ठरवलंत. माझ्या नणंदेला, तिच्या मुलाला आणि मलाही ठरवलंत, ते एक वेळ मी गिळते. पण दिराचं गिळणार नाही. तुम्ही म्हणजे नक्की कोण, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला टेबल नाही, खिडकी नाही, तोंड नाही. रेशनच्या ऑफिसातसुद्धा भांडायला समोर एक माणूस असतो. तुमच्याकडे नुसतं अ‍ॅप.

तुमचा निरोप आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. नाहूरला नवव्या मजल्यावरच्या माझ्या घरात गंधाली नावाची सांगलीची शिक्षिका घावणे खात बसली होती. पहाटेच भांडुपच्या खाडीवर जाऊन फ्लेमिंगो बघून आली होती. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि तोंड असं उजळलेलं, की जणू पोरीला कोणी मागणी घालून गेलंय.

"काकू, अजून एक मिळेल?"

"एक काय, चार खा. खाडीवर काय खायला ठेवलंय?"

फोन वाजला. मला वाटलं बुकिंग. आदल्याच दिवशी गंधालीच्या दोन मैत्रिणींनी पुढच्या तारखा घेतल्या होत्या, मी हवेत होते. निरोप इंग्रजीत होता, म्हणून फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचला. पुन्हा वाचला.

"काय गं? कोण येतंय?"

"काकू, तुमचं घर त्यांनी काढून टाकलंय."

"कुठून काढलं?"

"अ‍ॅपवरून. म्हणतायत, तुमच्या घराबद्दलचे अभिप्राय खरे नाहीत."

"खरे नाहीत म्हणजे?"

ती माझ्याकडे बघेना. "खोटे आहेत म्हणतायत."

तव्यावरचं घावणं करपलं.

आता मी सांगते खरं काय ते. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

मी विमला मेस्त्री. वय बासष्ट. एलबीएस रोडवर पूर्वी औषधांचा कारखाना होता, तिथे मी अठ्ठावीस वर्षं पॅकिंगला होते, त्यातली सोळा वर्षं चेकिंगला. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची. एखाद्या कप्प्यात गोळी नसेल, तुटकी असेल, तर ते पाकीट उचलून बाजूला टाकायचं. तेवढंच काम. पण उचललेलं पाकीट नंतर हातात घेऊन, उलटसुलट करून, उजेडात धरून बघावं लागायचं, की खरंच खराब आहे का आपल्याच डोळ्याला भास झाला. सुपरवायझर सांगायचा, चांगला माल फेकणं हीसुद्धा चोरीच. आता त्या कारखान्याच्या जागी चाळीस मजली टॉवर आहे.

आमचे हे गिरणीत होते. गिरणी गेली, मग वॉचमन झाले. राहायला नाहूर स्टेशनजवळची चाळ. दहा बाय बाराची खोली, बाहेर नळ, आणि वर्षातले सहा महिने गावचं कोणी ना कोणी येऊन राहिलेलं. कोणाला नोकरी शोधायची, कोणाचं ऑपरेशन, कोणाला नुसतीच मुंबई बघायची. त्या खोलीत मी एका वेळी नऊ माणसं झोपवली आहेत. यांना घेरी येऊन पक्षाघात झाला तेव्हाही गावचा एक पोरगा आमच्याकडेच होता. हे गेले त्याच खोलीत. मग चाळ पडली, चार वर्षं भाड्याच्या घरांतून फिरले, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत मला घर मिळालं. हॉल, किचन, एक आतली खोली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माझ्या खोलीचं दार लावून झोपले.

माझा मुलगा नितेश डोंबिवलीला असतो. वाईट नाही तो. पण एक दिवस आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "आई, एवढं घर रिकामं ठेवून काय करायचंय?"

"रिकामं कुठे? मी आहे की."

"तेच म्हणतोय ना. एकटीच आहेस. तू आमच्याकडे ये, इथे भाडेकरू ठेवू."

"आणि मी तुमच्याकडे काय करू?"

"काय म्हणजे? राहायचं. आराम करायचा."

आराम हा शब्द मला विषासारखा आहे. त्याने मान खाली घातली आणि खरं ते बोलला. बिल्डिंग नवी झाली तसा दर महिन्याचा मेन्टेनन्स चाळीच्या भाड्याच्या चाळीस पट झाला होता, आणि तो त्याच्या पगारातून जात होता. त्याचं चूक नव्हतं. पण मलाही इथून हलायचं नव्हतं. तिथे मी कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी. इथे भाजीवालासुद्धा मला विमलाबाई म्हणतो.

समोरच्या घरातली प्रांजल घाटकोपरला ट्रॅव्हल कंपनीत कामाला आहे. तिने डोक्यात भरवलं. आतली खोली दिवसादिवसाने पाहुण्यांना द्यायची. घर स्वतःचा खर्च स्वतः काढेल.

नितेश हसला. "नाहूरला सुट्टीला कोण येणार गं? नाहूरला माणूस उतरतो तो चुकून."

"आला तर?"

"बरं. शिमग्यापर्यंत बघू. बाहेरचे तीन पाहुणे येऊन राहिले, तर मी परत विषय काढणार नाही. नाही आले, तर एक एप्रिलपासून भाडेकरू. शब्द?"

"शब्द."

सोसायटीची परवानगी काढली. सेक्रेटरी केयूरभाई म्हणाले, "विमलाबेन, अ‍ॅपवरून येणार तो चालेल. तिथे आधार-बिधार सगळा लागते. पण फोन करून कोण पण येऊन राहेल, तो आपल्याला नाय चालणार हां. लिहून द्या." मी लिहून दिलं.

प्रांजलने फोटो काढले. मी यांचा हार घातलेला फोटो आतल्या खोलीतून काढून हॉलमध्ये लावला, एवढा बदल केला. मजकूर तिनेच टाकला, इंग्रजीत आणि मराठीत.

"काकू, जेवण देणार?"

"विचारायचं काय त्यात?"

"नको हो. जेवणाचं काढलंत तर रोज एकेकाचे नखरे सोसत बसाल. नुसता ब्रेकफास्ट लिहिते. 'नाश्ता समाविष्ट.' बस्स."

डिसेंबरात घर अ‍ॅपवर चढलं. आणि काहीच झालं नाही.

काहीच न होणं काय असतं हे तुम्हाला ठाऊक नसेल. पाच आठवड्यांत मी न वापरलेली चादर सहा वेळा धुतली. दूध जास्तीचं आणायचे, संध्याकाळी त्याचं पनीर करायचे, सकाळी प्रांजलच्या आईला द्यायचे. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की उठून दाराच्या भोकातून बघायचे. फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरायचे. बाथरूममध्येसुद्धा. एकदा आवाज झाला म्हणून साबणाच्या हाताने उचलला, तर गॅसवाला.

एकाने विचारणा केली होती. मी लगेच विचारलं, कुठले तुम्ही, गाव कुठलं, आडनाव काय, इकडे कोणाकडे आलात. तो जो गेला तो गेलाच. प्रांजलने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू! पाहुणा आहे तो. सोयरिक नाही जुळवायची."

"मग कोण आलंय घरात ते कळू नये मला?"

"कळेल ना, आल्यावर. आणि खरं सांगू? खरी अडचण ती नाहीच. तुमच्या नावावर एक पण रिव्ह्यू नाही. कोरी पाटी बघून कोण येणार? पहिले तीन-चार आले ना, की गाडी सुटली."

"आणि रिव्ह्यू कधी येणार?"

"पाहुणे आले की."

"आणि पाहुणे?"

"रिव्ह्यू आले की," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मला नाही हसू आलं.

संक्रांतीनंतर भांडुपच्या शाळेत आमच्या गावच्या मुंबई मंडळाचं हळदीकुंकू असतं. देवगडकडची पन्नास-साठ घरं, चेंबूर, कुर्ला, विरार, कुठून कुठून येतात. आमच्यात पद्धत आहे, कोणाचं काही अडलं की तिथे उघड सांगायचं. मंडळाने अशीच पोरांना नोकऱ्या लावल्या, मयताला गाड्या काढल्या. मी वाण देता देता माझं अडलेलं सांगितलं. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगते. म्हणाले, "या, राहा, आणि जे वाटेल ते लिहा." खोटं लिहा असं मी म्हटलं नाही. घरी बसून लिहा असंही नाही.

पहिल्या आल्या माझ्या नणंद, जयावन्सं, चेंबूरहून. अ‍ॅपवरून बुकिंग करून, पैसे भरून आल्या, रात्रभर राहिल्या. दुसऱ्या दिवशी जाताना मी ओटी भरली आणि पैसे पाकिटात घालून ओटीत ठेवले. नणंदेकडून राहण्याचे पैसे घेतले असते तर हे वरून खाली उतरले असते. हे मी लपवत नाही. लपवायचंच असतं तर तुम्हाला कधी कळलं नसतं.

वन्संनी चार तारे दिले. लिहिलं, "हवा चांगली, पाणी भरपूर. पण पलंगावर उत्तरेला डोकं येतं. वहिनीला सांगितलं, ती लग्नापासून कोणाचं ऐकत नाही. म्हणून एक तारा कमी."

मी चिडले. फोन लावला. "वन्सं, जगाने वाचायचंय ते!"

"मग वाचू दे की. तूच म्हणालीस ना, जे वाटेल ते लिहा?"

मग त्यांचा मुलगा सुशांत आला, मित्राला घेऊन. दोघांनी किलोभर मटण संपवलं. त्याने लिहिलं, "मामी झकास. मटण झकास. नाहूर पण झकास, यार." तेही पैसे मी परत दिले. मटणाचेसुद्धा घेतले नाहीत.

आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, दारात बाळभावोजी उभे.

माझा हा दीर सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. हे अंथरुणाला खिळले तेव्हा भावोजींचं म्हणणं होतं, दादाला गावाला नेऊ, देवळासमोर त्याचा जीव जाऊ दे. मी नेऊ दिलं नाही. डॉक्टर इथे, औषधं इथे, बाराशे पायऱ्यांच्या त्या वाडीत मी त्यांना कुशीवर वळवायला कोणाला बोलावणार होते? सात महिन्यांनी हे गेले. तेराव्याला सगळ्या पंगतीसमोर भावोजी मला म्हणाले, "तू माझ्या दादाक मुंबईत मारलंस." आणि पानावरून उठले. त्यानंतर माझ्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. नितेशच्या पोराच्या बारशालासुद्धा नाही.

आता हातात रेक्झिनची बॅग. केस पार पांढरे.

"वयनीकडे नाय इलंय मी," ते म्हणाले. "बुकिंगवर इलंय. एक रात्र."

मी बाजूला झाले. "येवा."

"आधार कार्ड बघ आधी."

"भावोजी, काय ता..."

"नियम तो नियम."

मी कार्ड घेतलं. बघितलं. परत दिलं. मग ते आत आले.

बांगड्याचं तिखलं केलं होतं. वास घरभर. ते हॉलमध्ये बसून भिंतीकडे बघत होते. मी ताट मांडलं तसे उभे राहिले. "जेवाण त्येच्यात नाय. मी वाचलंय." आणि लिफ्टने खाली गेले. स्टेशनजवळ काहीतरी खाऊन आले असतील. मी दोन ताटं उचलून ठेवली.

सकाळी सातला आंघोळ करून टेबलाशी बसले. पाठ ताठ.

"नाश्तो समाविष्ट आसा," ते म्हणाले. "तसा लिवलेला आसा."

मी घावणे घातले. सोबत नारळाचा रस. त्यांनी सात खाल्ले. मी तव्याशी उभी, ते टेबलाशी, मधे एक शब्द नाही. आठवं वाढायला गेले तर पानावर आडवा हात. मग चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाजवळ धरून, एका बोटाने काहीतरी लिहीत बसले. तब्बल चाळीस मिनिटं.

"काय लिवतास एवढा?"

"माझा काय ता. तू तुझा बघ."

निघताना चपला घालून दारात थांबले. यांच्या फोटोकडे बघितलं, हात जोडले नाहीत, नुसतं बघितलं. मग मला म्हणाले, "जयाचे पैशे परत दिलंस म्हणान कळला. माझे देवचे नाय. दिलंस तर परत येवचंय नाय."

मी ते वाक्य दिवसभर उलटसुलट करत राहिले. म्हणजे परत यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांचे पैसे मी दिले नाहीत. त्यांनी पूर्ण पैसे भरले, मी पूर्ण घेतले.

संध्याकाळी प्रांजल आली. फोन उघडून मोठ्याने वाचायला लागली. मला ते पाठ आहे. तुमच्याकडे आता ते नाही, म्हणून लिहून देते.

"घर स्वच्छ आहे. पाणी चोवीस तास. लिफ्ट चालू. नाश्त्याला घावणे मिळतात ते चांगले. जेवण समाविष्ट नाही, ते करावे. या जागेवर पूर्वी चाळ होती. तिथे माझा मोठा भाऊ सात महिने अंथरुणाला होता. या बाईने त्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. मी तेव्हा तिला वाईट बोललो. ते माझे चुकले. इथे माणसाची काळजी घेतात. राहायला यावे."

प्रांजलने फोन टेबलावर ठेवला. "काकू, असं... असं कोणी लिहीत नाही हो अ‍ॅपवर."

मी गॅलरीत जाऊन कधीचेच वाळलेले कपडे चाचपत बसले.

तीन आठवड्यांनी गंधालीचं बुकिंग आलं. ना गावची, ना नात्याची. शिमग्याला नऊ दिवस होते. ती आली, बॅग टाकली, दुर्बीण टेबलावर ठेवली. मी आडनाव विचारलं नाही, जीभ चावून गप्प बसले. पण एक विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"एवढ्या ठाण्या-मुलुंडात जागा असतील. माझ्याकडेच कशी आलीस गं?"

"खरं सांगू? बघितल्या खूप. सगळीकडे एकच लिहिलेलं. छान जागा, छान जागा. एकटी बाई म्हणून जायचं तर त्या छानवर कसा विश्वास ठेवायचा? मग तुमचं उघडलं. पहिल्या बाई उत्तर दिशेवरून भांडतायत. त्या काकांनी लिहिलंय, पाठीला जखम होऊ दिली नाही. म्हटलं, चला, इथे झोप लागेल."

तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय? माझी पहिली बाहेरची पाहुणी त्या लिहिण्यावरून आली, जे तुम्ही खोटं म्हणून पुसलंत. तिने मैत्रिणींना सांगितलं. मानसी आणि मनाली. दोघी वेगवेगळ्या दिवशी येणार होत्या, दोन्ही तारखा शिमग्याच्या आत. गंधाली, मानसी, मनाली. तीन. मी नितेशला फोन करून तीन असं ओरडलेसुद्धा होते. तो म्हणाला, "बघू गं, येऊन राहू तर देत." पण हसत म्हणाला. हरायला त्याची ना नव्हती.

आणि दुसऱ्या सकाळी तुमचा निरोप.

गंधालीनेच तिथल्या तिथे माझ्या वतीने अर्ज केला. मी मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत लिहिलं. ही माणसं खरी आहेत. खरंच येऊन राहिली आहेत. नातेवाईक आहेत, हो. नातेवाइकांनी राहू नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा. दोघांचे पैसे मी परत दिले, तिसऱ्याचे दिले नाहीत. हवं तर त्या दोघांचं पुसा, पण दिराचं ठेवा.

तुमचं उत्तर आलं तेव्हा तिने चहाचा कप उचलला होता, तो अजून तोंडाला लागला नव्हता. "सखोल तपासणीनंतर आम्ही आमच्या निर्णयावर कायम आहोत." आणि खाली, "या उत्तराने तुमचं समाधान झालं का? एक ते पाच तारे द्या."

सखोल! मी एका खराब गोळीच्या पाकिटाला याहून जास्त वेळ दिलाय, आणि ते पाकीट पंचवीस पैशांचं होतं.

दुपारी मानसीचा गंधालीला फोन आला. गंधालीने बोलता बोलता माझ्याकडे पाठ केली, पण घर ते केवढं.

"नाही गं, फ्रॉड काय... अगं मी इथेच आहे, बाईंच्या घरातच आहे... काय मेसेज आलाय तुला?"

तुम्ही त्या दोघींना कळवलं होतं, तुमच्या सुरक्षेसाठी हे बुकिंग रद्द करत आहोत. सुरक्षेसाठी. माझ्यापासून.

"मी सांगते त्यांना, थेट या म्हणून," गंधाली म्हणाली. "अ‍ॅप गेलं खड्ड्यात."

मी खाली गेले. केयूरभाई ऑफिसात होते. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, माझंच लिहून दिलेलं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. "विमलाबेन, मला तुमच्यावर भरोसा आहे. पण उद्या पाचव्या माळ्यावरचा बोलेल, त्यांना दिला, मला पण द्या. मी काय बोलू?" सही माझीच होती. मी वर आले. चढताना लिफ्ट सोडून जिना धरला. नऊ मजले. कुठेतरी ताकद घालवायला हवी होती.

गंधाली तिसऱ्या दिवशी गेली. तिने तुमच्या अ‍ॅपवर माझ्या घराबद्दल भलंमोठं लिहिलं म्हणे. ते कुठे दिसत नाही. घर नाही तर घराबद्दलचं कुठे दिसणार? जाताना मला खाडीवर घेऊन गेली. बेचाळीस वर्षं या खाडीचा मला फक्त वास माहीत होता. चिखलात एका पायावर उभे ते गुलाबी पक्षी, शेकड्याने. मी विचारलं, हे राहतात कुठे? ती म्हणाली, गुजरातकडून येतात, काही महिने थांबतात, जातात.

शिमग्याच्या आदल्या दिवशी नितेश आला. टेबलाशी बसून राहिला, बोलेना.

"बोल की," मी म्हटलं. "एकच झाला. मोजता येतं मला."

"आई, मी अजून महिनाभर..."

"शब्द दिलाय ना? मग झालं."

"तू भांडशील असं वाटलं होतं."

"तुझ्याशी काय भांडू? तू समोर तर आहेस."

भाडेकरू बघून गेले. नवराबायको, दोघं कामाला जाणारी. बायकोने विचारलं, आतल्या खोलीत मोठं कपाट बसेल का. मी म्हटलं, बसेल.

त्याच संध्याकाळी बाळभावोजींचा फोन. ते पालखीसाठी गावाला होते. मागे ढोल वाजत होता, ओरडून बोलत होते.

"वयनी! माझा लिवलेला खंय गेला गो?"

"काय भावोजी?"

"ता, अ‍ॅपावर लिवलेला. हयसर मानकऱ्यांका दाखवूक काढलंय, तर दिसणाच नाय. सगळे बसले आसत. तेराव्याक जे पंगतीक होते ना, तेच सगळे. तेंका म्हटलंय, थांबा, दाखवतंय."

मी काय सांगणार? साठ माणसांच्या पंगतीत बोललेलं त्यांना त्याच माणसांपुढे परत घ्यायचं होतं. सहा वर्षांनी. तोंडाने त्यांना जमलं नसतं, म्हणून लिहिलेलं दाखवायचं होतं. आणि ते तुम्ही पुसून टाकलंत.

"मोबाईलचा कायतरी झाला असतला," मी म्हटलं.

ढोल वाजत राहिला. मग ते म्हणाले, "परत लिवू?"

परत कुठे लिहिणार? कोणत्या घरावर?

तुम्हाला मी चार अर्ज केले. चारही वेळा तेच उत्तर, खालच्या ताऱ्यांसकट. आता अर्ज नाही. एकतीस मार्चपर्यंत ही जागा माझ्या ताब्यात आहे. तुमच्यापैकी एकाने, हाडामांसाच्या एका माणसाने, एक रात्र माझ्याकडे येऊन राहावं. पैसे नकोत. नाहूर स्टेशनवरून चालत सात मिनिटं, कोणालाही विचारा, विमलाबाई म्हटलं की दाखवतील. सकाळी उठावं आणि माझ्या घरात काय खोटं आहे ते माझ्या डोळ्यांत बघून सांगावं. मी ऐकून घेईन.

कोण येताय? नाव आणि तारीख कळवा.